न्यूपोर्ट: लाकडावर जगलेलं गाव



आज जाऊया अमेरिकेत.
विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी.
डोअर कौंटीच्या उत्तर टोकाजवळ न्यूपोर्ट स्टेट पार्क आहे.

आज तिथे दाट जंगल दिसतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे न्यूपोर्ट नावाचं गाव होतं. गावाला धक्का होता. दुकान होतं. टपाल कचेरी होती.
गावाचं पोट मात्र एकाच गोष्टीवर चालायचं. लाकडावर.
आसपासची झाडं तोडायची आणि लाकूड धक्क्यावर आणायचं. तिथून ते जहाजांनी मिलवॉकीला आणि शिकागोला जायचं. वाढत्या शहरांना लाकूड कितीही मिळालं तरी कमीच पडत होतं.

मग जंगल संपलं.
जंगल संपलं, तसं गावही संपलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसं पांगली.

पुढे 1960 च्या दशकात राज्य सरकारने ही जमीन घेतली. तोवर झाडं पुन्हा वाढू लागली होती. म्हणजे आजचं जंगल गाव उठल्यानंतरचं आहे. ही गोष्ट फिरताना जरूर लक्षात ठेवावी. वाटेच्या कडेला नीट पाहिलं, तर झाडीत घरांच्या पायाचे दगड सापडतात. ज्या जंगलावर गाव जगलं, तेच आता गावाच्या जागी उभं आहे.

इथला सरोवरकाठ सुमारे 18 किलोमीटर लांब आहे. 2017 मध्ये या उद्यानाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. इथे दिव्यांचा झगमगाट नाही, त्यामुळे तारे उत्तम दिसतात.

मुक्काम करायचा, तर तंबूच्या जागेपर्यंत गाडी जात नाही. सामान पाठीवर घेऊन चालायची तयारी हवी.