पद कोण ऐकते? : संगीत नाटकातील प्रतीके आणि शेवट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही शाळा व्याख्यानमाला चालविते, त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो. सीमेवरच्या गावात मराठी शिकविणे हे केवळ नोकरीचे काम नसते. ते एक व्रत असते, याची जाणीव माझ्यासारख्या आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाला आहे. म्हणून आजचा विषय मी वर्गाच्या उपयोगी पडेल असाच निवडला आहे.

संगीत नाटकांचे प्रयोग विरळ झाले, पण पदे उरली. आधी तबकड्यांवर, मग कॅसेटवर आणि आता भ्रमणध्वनीवर ती ऐकू येतात. मात्र नाटकापासून तुटलेल्या पदाचा अर्थ लावताना दोन टोके गाठली जातात. कोणी म्हणतो, पद म्हणजे नुसता अलंकार. राग ऐकावा आणि शब्द सोडून द्यावेत. दुसरा पदातल्या प्रत्येक फुलात आत्मा आणि प्रत्येक भुंग्यात परमात्मा शोधतो. या दोन्ही वाचनांत नाटक हरवते, असे माझे मत आहे.

खरे तर आपल्या भागातील माणसाला प्रतीक शिकवावे लागत नाही. नाथांच्या भारुडातला विंचू हा अंगणातला विंचू नव्हे, हे आपल्या आजीला कोणत्याही टीकाग्रंथावाचून कळत होते. शेजारच्या बसवकल्याणात बाराव्या शतकात शरणांचा जो मेळा जमला, त्यातील अल्लमप्रभूंची ‘बेडगिन वचने’ म्हणजे गूढार्थाची कोडीच आहेत. मराठी भारूड आणि कन्नड वचन अशा दोन किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत, त्यांना संगीत नाटकाचे कुलूप जड वाटू नये.

शिवाय हे नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंचे आहे. कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिल्यावर 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. 1880 मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या पदांत कानडी चालीही आहेत. कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी रंगभूमीवर गायले. तेव्हा हा वारसा परका मानण्याचे आपल्याला काही कारण नाही.

प्रतीक ओळखण्यात सरकारही कधी मागे नव्हते. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तील कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखले आणि 1910 मध्ये इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घालून त्या अर्थावर जणू शिक्कामोर्तबच केले! पण ते गद्य नाटक. तेथे एका पात्रासाठी बाहेरचा एक माणूस असा सरळ हिशेब होता. पदाचा हिशेब इतका सरळ नसतो. त्यासाठी विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत, असे मी सुचवितो. हे पद कोण गाते? रंगमंचावर ते कोण ऐकते? आणि पदात जे मागितले, ज्याचे भय धरले, त्याचे शेवटी काय होते?

पहिले उदाहरण देवलांच्या ‘शारदे’चे. 1899 मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात कांचनभट पैशाच्या लोभाने आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला देऊ करतो. भुजंग हे नावच प्रतीक आहे. सर्प नेहमी ठेव्यावर बसलेला असतो. शारदेच्या एका पदात भयालाच आकार येतो. बापाच्या कानांवर पडूनही त्याच्या मनात न उतरणारे असे ते भय आहे. आता शेवट पाहा. लग्न मोडते ते सगोत्राच्या दोषामुळे. शारदा जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने दोघांचा विवाह होतो. शेवट मंगल झाला खरा. पण गोत्र वेगळे असते तर? या प्रश्नाला शेवटाकडे उत्तर नाही. शास्त्राने शारदेला सोडविले. तिच्या भयाला मात्र कोणी न्याय दिला नाही. ते पद गोड शेवटानंतरही शिल्लक राहते आणि देवलांचे मोठेपण त्या शिलकीत आहे, असे मी मानतो. पुढे 1929 मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. लोक त्याला ‘शारदा कायदा’ म्हणू लागले. वास्तविक ते नाव अजमेरच्या हरविलास सारडांचे. पण मराठी माणसाने ते आपल्या शारदेशी जोडले. या गैरसमजातही एक अर्थ आहे: नाटकाने जे शिल्लक ठेवले, ते कायद्याने पुरे करावे, ही लोकांची इच्छा त्यात बोलते. ते काम अजूनही पुरते संपलेले नाही, हे समोर बसलेल्या मुलींना मी सांगायला नको.

दुसरे उदाहरण गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चे. जानेवारी 1919 मध्ये गडकरी गेले आणि त्यानंतर पुढच्याच महिन्यात हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील पदे प्रामुख्याने वि. सी. गुर्जरांची. म्हणजे संवाद एका लेखणीचे आणि पदे दुसऱ्या. अशा ठिकाणी ‘कवीला काय म्हणायचे होते’ हा परीक्षेतला प्रश्न लंगडा पडतो. पात्राला काय म्हणायचे आहे, हेच विचारावे लागते.

सिंधूची दोन गाणी शेजारी ठेवून पाहा. भाऊ पद्माकर तिला माहेरी चल म्हणतो, तेव्हा ती पतीचे चरण सोडण्यास नकार देणारे पद गाते. ते भाऊ ऐकतो, आणि भावाच्या मागे उभे असलेले सारे जग ऐकते. जगाला जे ऐकायचे असते तेच त्या पदात आहे. पण हीच सिंधू पुढे लोकांचे दळण दळताना ओवी गाते. तेथे श्रोता कोण? जाते आणि तान्हे मूल. त्या ओवीत तक्रारीचे अक्षर नाही. देवादिकांच्या वैभवाची चित्रे आहेत. दाणे दुसऱ्याचे, घर उपाशी आणि तोंडी मात्र सुबत्तेचे गाणे! या विसंगतीत तिचे सारे दुःख साठलेले आहे. आपल्याकडे मराठी ओवी आणि कानडी ‘बीसुकल्लिन पद’ म्हणणाऱ्या बायकांनी हेच केले. माणसांना सांगता येत नव्हते ते त्यांनी जात्याला सांगितले.

हे नाटक शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “सर, सिंधूला गाता तरी कसे येते? आमच्या घरी वडील पिऊन आले की आईला आवाजच फुटत नाही.” वर्ग स्तब्ध झाला. मी तिला म्हणालो, “तुझ्या आईला जे बोलता येत नाही, त्यालाच नाटकात पद म्हणतात. घरात ते कोणाला ऐकू येत नाही. रंगभूमी ते ऐकायला लावते.” आजही याहून नेमकी व्याख्या मला सुचलेली नाही.

बालगंधर्वांच्या सिंधूवर महाराष्ट्र लुब्ध झाला. पदांना ‘वन्समोअर’ मिळत गेले. पण त्या माधुर्याची एक किंमतही होती: दुःख इतके गोड झाले की सिंधू ‘आदर्श पत्नी’ म्हणून मार्गदर्शकांत जाऊन बसली. शेवट मात्र हे मान्य करीत नाही. संस्कृत वळणाच्या मंगल भरतवाक्याची सवय असलेल्या रंगभूमीवर येथे सिंधू मरते आणि सुधाकर विषाचा प्याला घेतो. तिच्या सोशिकतेने ना मूल वाचले, ना नवरा. ‘एकच’ या शब्दाचा अर्थ पहिल्या प्याल्याला वेगळा होता; शेवटच्या प्याल्याला तोच शब्द काळासारखा उभा राहतो. पहिल्या पदावरून सिंधूला आदर्श ठरविणाऱ्याने हा शेवट वाचलेलाच नाही.

तिसरे उदाहरण दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’चे. 1967 च्या या नाटकाला संगीत जितेंद्र अभिषेकींचे. यातले भुंग्याचे पद आपण सर्वांनी ऐकले आहे. कमळ मिटले, भुंगा कोंडला, तरी त्याचा छंद सुटत नाही. तेच शब्द पंडित भानुशंकरांच्या गळ्यातून येतात आणि खाँसाहेबांच्याही. पंडितजींच्या शांत गायकीत तो भुंगा साधक वाटतो. वसंतराव देशपांड्यांनी गायलेल्या खाँसाहेबांच्या आवेगात तोच भुंगा स्वतःच्या कलेचा कैदी होतो. शब्द एक, प्रतीक एक, अर्थ दोन! संस्कृत सुभाषितातल्या कोंडलेल्या भुंग्याला सकाळची आशा असते आणि तेवढ्यात हत्ती कमळच उपटतो. नाटकात तो हत्ती म्हणजे कट्यार, असे मला वाटते. राजगायकाला एक खून माफ करणारी ती कट्यार नाटकभर टांगती राहते. पण नावातच सांगितले आहे की ती काळजात घुसते. आणि काळजात घुसणारी वस्तू पोलादाची नसते, सुरांची असते.

तिन्ही नाटकांतून मला एकच गोष्ट सांगायची आहे. शेवट हा पात्रांचा निवाडा असतो. पद ही पात्राने प्रेक्षकाजवळ ठेवलेली ठेव असते. पडदा पडला की निवाडा संपतो, ठेव आपल्याकडे राहते. तिचा अर्थ लावणे म्हणजे चतुराई दाखविणे नव्हे. ती ज्याची त्याला पोचती करणे होय. शारदेचे भय, सिंधूची ओवी यांचे खरे धनी रंगमंचावर नाहीत, आपल्या गल्लीत आहेत.

विद्यार्थ्यांनो, यापुढे एखादे नाट्यपद कानावर पडले तर राग जरूर ओळखा, शब्द पाठ करा. पण त्याबरोबर ‘हे कोणी ऐकले नाही?’ असेही विचारा. मराठी असो वा कन्नड, भाषा शिकण्याचे याहून मोठे प्रयोजन मला ठाऊक नाही.