देवळाची पाखाडी

(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेले भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला म्हणजे डोळ्यांपुढे सभामंडप येतो, शिखर येते, कळस येतो. देणगीदारांच्या पाट्याही तेथेच लागतात. परंतु भाविकाचा पाय प्रथम जिच्यावर पडतो, त्या पाखाडीचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. मग उरलेल्या पैशांत जुने दगड उपटून त्या जागी सिमेंट ओतले जाते व काम उरकले जाते. हे करण्यापूर्वी जुन्या पाखाडीची रचना समजून घेणे अगत्याचे आहे.

कोकणातली पाखाडी बहुतेक जांभ्याची. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने केरळातील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीत असताना हा दगड मऊ असतो, हत्याराने सहज कापला जातो. वारा-ऊन लागले की कठीण होतो. बुकाननने नाव दिले, पण दगडाचा हा गुण कोकणातल्या चिरेखाणीवरच्या कामगाराला शिकवावा लागला नाही.

पाखाडीचा खरा शत्रू माणसाचा पाय नव्हे, पाणी. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अखंड सिमेंटखालून पाणी शिरले की माती वाहून जाते, खाली पोकळी होते आणि एके दिवशी थर तडकतो. सुटा दगड मात्र सांध्यांतून पाणी वाट देऊन सोडतो. एखादा खचला तर तेवढाच उचलावा, खाली भर घालावी आणि पुन्हा बसवावा.

काम नेहमी खालून वर न्यावे. तळाची पायरी सर्वांत मोठ्या दगडांची असावी व निम्मी जमिनीत गाडावी. सैल माती काढून सुमारे सहा इंच मुरूम व दगडाच्या कपच्या भराव्यात, धुम्मसाने चोपाव्यात. वरची पायरी खालच्या पायरीच्या पाठीवर दोन इंच तरी टेकलेली हवी. मग सारा भार उतरत तळाच्या दगडावर येतो. पायरीची उंची पाच-सहा इंच, आणि ती वरपर्यंत सारखीच. एकच पायरी उंच राहिली तर अंधारात तेथेच ठेच लागते. सांध्यावर सांधा येऊ देऊ नये. दगड हलला तर खाली चीप मारावी. वरून चुना थापून हलणे लपवू नये. दर चार फुटांस एक इंच असा बाजूला उतार द्यावा आणि कडेने पन्हळ काढावी.

दापोली तालुक्यात आसूद येथे केशवराजाच्या देवळाकडे जाताना नारळी-पोफळीच्या बागांतून अशी दगडी वाट चढावी लागते. ती चढताना पाय आपोआप सावकाश पडतो.

शिमग्यात पालखी खांद्यावर घेणाऱ्यांची नजर वर असते, पाय अनवाणी असतात. त्यांना खालची पायरी दिसत नाही. त्यांचा सारा भरवसा ती बसवणाऱ्या हातांवर असतो. काठी टेकत येणाऱ्या म्हातारीचेही तेच. एक दगड हलला, तर तिचे देवळात येणेच कायमचे थांबते.

अशी पाखाडी एकदा बांधून विसरता येत नाही. दर पावसाळ्यात शेवाळ खरवडावे लागते, मृगाआधी पन्हळ उपसावी लागते. पूर्वी वाडीवाडीतून माणसे त्यासाठी येत. दगड बसवण्याची जाण असलेले वडीलधारे हात आज गावोगाव मोजकेच उरले आहेत. ते आहेत तोवर तरुणांनी त्यांच्याशेजारी बसून चार दगड बसवावेत. त्या कामावर कोणाची पाटी लागणार नाही. पण देवळात येणाऱ्या प्रत्येकाचा पाय तेथे सुखरूप पडेल.

ग्रामदेवतेच्या कृपेने हे कार्य मृगापूर्वी सिद्धीस जावो.