दुसरी प्रत आहे का? उघडून पाहा!

आजचा विषय कुणाला थोडा कोरडा वाटेल; पण ज्यांच्या गटाचा हिशेब संगणकावर आहे, त्या प्रत्येकीचा पैसा या विषयाशी बांधलेला आहे. आज आपण बोलणार आहोत बॅकअपबद्दल, म्हणजे संगणकातल्या माहितीच्या दुसऱ्या प्रतीबद्दल. आणि त्यातही, ही दुसरी प्रत गुपचूप निघेनाशी होते तेव्हा काय करायचे याबद्दल.

बचतगटाची पंचसूत्री आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि पाचवे सूत्र, हिशेब अद्ययावत ठेवणे. १९९२ मध्ये नाबार्डने देशभरातल्या ५०० गटांपासून बचतगट आणि बँकेची जोडणी सुरू केली, तेव्हा हे पाचवे सूत्र म्हणजे लाल कापडात बांधलेली वही असे. २०१५ मध्ये नाबार्डनेच ई-शक्ती प्रकल्प हाती घेतला. गटांच्या नोंदी संगणकावर आणण्याची सुरुवात आपल्या राज्यातल्या धुळे आणि झारखंडमधल्या रामगढ जिल्ह्यातून झाली. आता तर ग्रामसंघ, प्रभागसंघ, साधन केंद्र, सगळीकडे टेबलावर संगणक आहे. वहीला वाळवी लागते हे आपल्याला माहीत होते. संगणकाला काय लागते, ते आता शिकायचे आहे.

अनेक कार्यालयांत आता संगणकाशेजारी एक छोटी पेटी असते. तिला नेटवर्क स्टोरेज म्हणतात. आत एक-दोन हार्ड डिस्क असतात आणि ती वायरने राऊटरला जोडलेली असते. रोज ठरलेल्या वेळी संगणक आपल्या फायलींची प्रत या पेटीत ठेवतो. आमच्या बाया तिला 'ढोली' म्हणतात. नाव चपखल आहे. पण ढोलीत धान आहे की नाही, हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका ग्रामसंघाच्या कार्यालयातला संगणक कडाडणाऱ्या विजेने गेला. पेटी शाबूत होती, तिचा हिरवा दिवाही लागत होता. आम्ही मदतीला गेलो. पेटी उघडली तर शेवटची प्रत अडीच महिन्यांपूर्वीची! त्या दिवशी इंटरनेटवाल्यांनी राऊटर बदलून दिला होता. नव्या राऊटरने पेटीला नवा पत्ता दिला आणि संगणक रोज जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हाताने परत येत होता. पडद्यावर त्याची कुठलीच सूचना येत नव्हती. गटांचे कर्जप्रस्ताव बँकेत जायचे होते आणि ऐन रोवणीचे दिवस. बायांनी दिवसभर बांधीत वाकून काम केले आणि संध्याकाळी आपापली पासबुके घेऊन कार्यालयात बसल्या. पासबुकावरच्या सह्यांवरून एकेक हप्ता पुन्हा चढवावा लागला. एका ताईचे कर्ज पूर्ण फिटले होते, पण जुन्या प्रतीत तिच्या नावावर तीन हप्ते बाकी दिसत होते. पासबुक नसते तर तिने काय दाखवले असते?

म्हणून ही प्रत का थांबते आणि थांबली तर क्रमाने काय पाहायचे, ते सांगतो. एक नियम आधी लक्षात ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग पुन्हा चालवून पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दुखणे कशात होते ते कळत नाही.

पहिली गोष्ट, संदेश वाचा. बॅकअपच्या खिडकीत शेवटची यशस्वी प्रत कोणत्या तारखेची ते लिहिलेले असते. ती तारीख वहीत टिपा. त्या तारखेच्या आसपास कार्यालयात काय बदलले ते आठवा. नवा राऊटर आला? पासवर्ड बदलला? संगणक दुरुस्तीला गेला? निम्मे उत्तर तिथेच मिळते. विंडोज संगणक चुकीसोबत एक लांबलचक आकडाही देतो. त्याची शेवटची अक्षरे पाहा. शेवटी ००३५ असेल तर पेटीकडे जाणारा रस्ता सापडला नाही. ०००५ असेल तर रस्ता सापडला, पण दारात अडवले. ०५२ई असेल तर नाव किंवा पासवर्ड चुकला. ००७० असेल तर पेटीत जागा नाही. आकडा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दुरुस्तीवाल्या दादाला फोनवर सांगायला उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट, रस्ता. पेटी चालू आहे का, वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का, संगणक त्याच राऊटरला जोडलेला आहे का, हे बघा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या संगणकाला कार्यालयातली पेटी दिसणार नाही. मग पेटीचा पत्ता तपासा. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो आणि तो बदलू शकतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये पेटीसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. हे काम एकदाच करून घ्या आणि तो पत्ता कागदावर लिहून पेटीलाच चिकटवा.

तिसरी गोष्ट, किल्ली. पेटीचा पासवर्ड बदलला की संगणकात साठवलेला जुना पासवर्ड आपोआप बदलत नाही. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर नावाची जागा असते, तिथे जुनी नोंद काढून नवी घालावी लागते. बॅकअपच्या कामातही नवा पासवर्ड द्यावा लागतो. याच्याशीच जोडलेली आणखी एक गंमत आहे. आपण संगणक उघडतो तेव्हा पेटी 'झेड ड्राइव्ह' म्हणून व्यवस्थित दिसते, पण बॅकअप म्हणतो, झेड नाहीच. कारण ते अक्षर फक्त आपल्या लॉगिनपुरते असते. बॅकअप वेगळ्या नावाने मागे चालत असेल तर त्याला ते दिसत नाही. अशा वेळी अक्षराऐवजी पेटीचा पूर्ण पत्ता द्यावा.

चौथी गोष्ट, वेळ आणि जागा. रात्री नऊची वेळ लावली आणि कार्यालय साडेपाचला बंद होत असेल, तर प्रत निघणार कशी? भारनियमनाच्या वेळाही पाहा. दुपारच्या जेवणाची वेळ आमच्याकडे सोयीची ठरली. मात्र तेव्हा हिशेबाचा प्रोग्राम बंद करून उठा, कारण उघड्या फाईलची प्रत काही वेळा निघत नाही किंवा अर्धवट निघते. पेटी भरली असेल तर हाताने काहीही पुसू नका. जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या ते बॅकअपमध्येच ठरवता येते. संगणकाची तारीख रोज मागे जात असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपला आहे. तारीखच चुकली तर वेळापत्रकही चुकणार.

पाचवी गोष्ट, जुनी पेटी आणि नवा संगणक. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामे त्याने ठप्प केली होती. संगणकांनी आपसात फायली देण्याघेण्याची जी फार जुनी पद्धत होती, तिच्यातल्या भोकातून तो शिरला. म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती जुनी पद्धत आपोआप चालू मिळत नाही. काही जुन्या पेट्यांना मात्र तेवढीच पद्धत येते. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीने तर बिनपासवर्डच्या पेटीलाही अडवायला सुरुवात केली. कुणी म्हणेल, "ताई, एक खूण करतो, जुनी पद्धत चालू होते." करू देऊ नका. आधी पेटीचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि पेटीत नाव-पासवर्ड तयार करा. तरीही जमले नाही तर पेटी बदलण्याचा ठराव बैठकीत घ्या.

एवढे केले की प्रत निघू लागते. पण मैत्रिणींनो, 'यशस्वी' असा हिरवा शब्द दिसला म्हणून काम संपले असे समजू नका. आपण धानवाल्या जिल्ह्यातल्या बाया. पऱ्हे टाकण्याआधी आपण काय करतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि आठ-दहा दिवसांनी किती उगवले ते मोजतो. ऐंशीच्या वर उगवले तर बियाणे चांगले. बॅकअपचीही उगवण तपासायची असते. महिन्यातून एकदा पेटीतली एखादी फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये परत आणा, उघडा, आणि एका गटाची शेवटची बाकी पासबुकाशी ताडून पाहा. जुळली तरच ती प्रत खरी.

हे फक्त आपल्या कार्यालयांतच होते असे नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम सुरू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाचा बराचसा भाग पुसला गेला. बॅकअपकडे धाव घेतली, तर ते काही काळापासून नीट निघतच नव्हते. वाचवले ते गॅलिन सुसमन नावाच्या तंत्रज्ञ बाईने. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकात एक प्रत होती. त्या प्रतीवरून बहुतेक काम परत मिळाले.

यात दुसरा धडाही आहे. एक प्रत दुसऱ्या छपराखाली हवी. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वरच्या मजल्यांवर पसरली, माणसे गेली आणि असंख्य फायली जळाल्या. आगीला मूळ कागद आणि त्याची झेरॉक्स यांतला फरक कळत नाही. एकाच खोलीत संगणक आणि पेटी असेल तर आग, वीज, चोरी दोघांनाही एकदमच गाठते. शिवाय पेटी सतत जोडलेली असते, त्यामुळे खंडणीचा व्हायरस आला तर तिथपर्यंतही पोहोचतो. म्हणून जाणकार सांगतात, तीन-दोन-एक. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आमच्याकडे दर आठवड्याला एक बाहेरची हार्ड डिस्क जोडून प्रत काढतो, लगेच वायर काढतो आणि ती दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात कुलपात ठेवतो. तिला पासवर्ड आहे, कारण तिच्यात बायांचे आधार क्रमांक आणि बँक खाती आहेत. नेली कुणी, आणली कुणी, याची वहीत सही होते.

आणि आपल्या भागातली खास काळजी. आभाळ गडगडू लागले की संगणक आणि पेटी नीट बंद करा, प्लग काढा आणि राऊटरकडून येणारी वायरही काढा. वीज त्या वायरीनेही आत येते. पाऊस थांबल्यावर वायर परत लावायची मात्र आठवण ठेवा, नाहीतर पुन्हा तेच, ००३५.

मैत्रिणींनो, मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढवा : 'शेवटची प्रत कोणत्या तारखेची? उघडून कोणी पाहिली?' सचिवताईंनी तारीख वाचावी आणि ती इतिवृत्तात लिहावी. संगणक न येणारी सदस्यही हा प्रश्न विचारू शकते. तिचाच पैसा आहे, विचारायचा हक्क तिचाच. आणि पासबुकावर दर हप्त्याची सही घ्यायला विसरू नका. सगळ्या पेट्या बंद पडल्या तरी ती प्रत आपल्या घरच्या डब्यात असते.

तुमच्या कार्यालयातली पेटी काय म्हणते, ते आम्हाला जरूर कळवा.