तेच ते वाईट स्वप्न : भीती नको, उपचार हवा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त लासलगाव येथे झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



 

कार्यकारी मंडळाने मला सांगितले, "आरोग्यावर काहीतरी बोला." मी आरोग्य खात्यात बहुउद्देशीय कर्मचारी म्हणून सारी नोकरी केली. हिवताप, पोलिओ, क्षयरोग, कुटुंबनियोजन यांवर मी झोपेतसुद्धा बोलू शकेन. पण आज मी झोपेवरच बोलणार आहे. ज्या माणसाला तेच ते वाईट स्वप्न पुन्हा पुन्हा पडते, त्याने काय करावे, हा माझा विषय. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सोळा वर्षे मी स्वतः ते भोगले आणि लाजेपायी कुणाला सांगितले नाही, म्हणून आज तुमच्यापुढे उघडपणे सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर ही नावे त्या दिवशी साऱ्या देशाला कळली. तिकडची घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवदाचा बोजा. झोपलेल्या माणसांवर ती घरे पडली. हजारो माणसे गेली. चार दिवसांनी आमचे पथक तिकडे गेले. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. काम काय, तर पाण्यात क्लोरीन टाकणे, जखमा बांधणे, पावडर मारणे. वर पाऊस चालू. जे पाहिले त्याचे वर्णन येथे लहान मुले बसली आहेत म्हणून करत नाही. एक म्हातारी मात्र सांगतो. ती पत्र्याखाली रात्रभर बसून राही. मी म्हटले, "आजी, जरा आडवं व्हा." ती म्हणाली, "डोळा लागला की भिंत अंगावर येतीया, बाबा."

मी पंधरा दिवसांनी परत आलो आणि महिन्याभरात माझ्याही अंगावर भिंत येऊ लागली. स्वप्न नेहमी तेच. दगडाच्या ढिगाखालून कुणीतरी "दादा, पाणी" म्हणते. मी एक एक दगड उचलतो. जितके उचलावे तितके वरून पडतात. आवाज बारीक होत जातो आणि मी ओरडत जागा होतो. घड्याळात पाहावे तर तीन-चारचा सुमार. एका रात्री झोपेत हात झाडला, तो आमच्या मंडळींच्या मनगटावर बसला. बांगड्या फुटल्या, रक्त आले. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, हे कुणाला तरी दाखवा." त्या दिवसापासून मी ओसरीवर वेगळा झोपू लागलो, पण दाखवले कुणालाच नाही.

मी काय काय केले ते ऐका, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. आईने कुणाच्या तरी सांगण्यावरून एका भगताकडे नेले. त्याने बाधा आहे असे सांगून दोरा बांधला व पैसे घेतले. १९५६ साली आपण हे सारे सोडले. पण बंधूंनो, भीती वाटली की माणूस सोडलेल्या दाराशीही जाऊन उभा राहतो. पुढे मी रात्री थोडी दारू घेऊ लागलो. दारूने झोप लवकर लागते हे खरे, पण उत्तररात्री तिचा अंमल उतरला की स्वप्ने जास्त जोराने येतात. त्यानंतर चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणल्या. त्यांची सवय लागली, स्वप्न मात्र राहिले. ह्या गोळ्या अशा स्वप्नांवरचे औषध नव्हेत आणि सवय लागल्यावर एकदम बंद केल्या तर त्रास दुप्पट होतो. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी करायच्या असतात.

आता हे घडते कसे? झोपेचे टप्पे असतात. त्यांतील एका टप्प्यात मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात. १९५३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. ठळक स्वप्ने मुख्यतः त्या टप्प्यात पडतात आणि तो टप्पा उत्तररात्री लांबतो, म्हणून अशी स्वप्ने बहुधा पहाटेकडे येतात. त्यात ना भूत ना अशुभ वेळ. ज्याने जिवावरचा प्रसंग पाहिला, त्याच्या मेंदूतील धोक्याची घंटा प्रसंग संपला तरी वाजतच राहते. दिवसा कामाच्या गडबडीत ती ऐकू येत नाही. रात्री ऐकू येते.

किल्लारीनंतर लोकांच्या मनाचेही काम झाले. डॉ. मोहन आगाशे यांना आपण 'घाशीराम कोतवाल'मधला नाना म्हणून ओळखतो, पण ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा जो अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केला, त्यात त्यांचा पुढाकार होता. म्हणजे पडलेले घर बांधून दिले की माणूस उभा राहिला असे होत नाही, हे सरकारदरबारीही मान्य झाले. पण मदतीला गेलेल्या माझ्यासारख्याला वाटे, आपले तर कुणी गेले नाही, मग आपल्याला काय अधिकार रडायचा?

शेवटी २००९ साली मंडळींनीच मला नाशिकला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी अर्धा तास ऐकून घेतले. तोपर्यंत त्या स्वप्नाची संपूर्ण गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. मी वाचली आणि म्हणालो, "डॉक्टरसाहेब, ही तर विंचवाची गोळी!"

आरोग्य खात्यातल्या माणसाला प्राझोसिन हे नाव पाठ असते. मुळात ती रक्तदाबाची गोळी. लाल विंचू चावला की शरीरात ताणाच्या रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तदाब चढतो, हृदय दमते, फुप्फुसात पाणी होते आणि माणूस दगावतो. रायगड जिल्ह्यात महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली. १९८६ साली 'लॅन्सेट' ह्या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांनी ते मांडले. त्यामुळे खेड्यापाड्यांतील कितीतरी जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तीच गोळी पुढे अमेरिकेत युद्धावरून आलेल्या सैनिकांच्या वाईट स्वप्नांवर देऊन पाहण्यात आली. डॉक्टर मला म्हणाले, "तुमच्या डोक्यात रोज रात्री विंचू चावतो असं समजा. ही गोळी त्या विषाचा जोर कमी करते." हे मला एकदम पटले. विंचू चावल्यावर गोळी घ्यायला कुणी लाजत नाही. मग ह्या विंचवालाच का लाजावे?

परंतु खरे ते सांगितले पाहिजे. ही गोळी म्हणजे जादू नव्हे. २०१८ साली ३०४ माजी सैनिकांवरच्या एका मोठ्या चाचणीत ही गोळी आणि नुसती दिखाऊ गोळी यांच्यात फरक आढळला नाही. त्याआधीच्या लहान चाचण्यांत मात्र गुण दिसला होता. म्हणून डॉक्टर आजही काही रुग्णांना ती देऊन पाहतात. कुणाला लागू पडते, कुणाला नाही. मला पडली.

आणि तिचे पथ्य पाळावे लागते. ती अगदी लहान मात्रेपासून सुरू करतात व हळूहळू वाढवतात. पहिल्या रात्री चक्कर येऊ शकते, म्हणून झोपतेवेळी घ्यायची आणि रात्री उठताना आधी खाटेच्या काठावर बसायचे. मी शहाणा! भाचीच्या लग्नाला गेलो, आठ दिवस गोळी बंद. परत आल्यावर पहिलीच पूर्ण मात्रा एकदम घेतली. रात्री लघवीला उठलो तो अंगणात कोसळलो. कपाळाला चार टाके पडले. खंड पडला तर डॉक्टरांना विचारून पुन्हा लहान मात्रेपासूनच सुरुवात करावी लागते. दुसऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही त्यांना सांगाव्यात. माझ्या नावाची गोळी शेजाऱ्याने घेऊ नये. तसेच काही औषधांनीच वाईट स्वप्ने पडू शकतात. दम्यासाठी देतात ते मॉन्टेलुकास्ट, रक्तदाबासाठी व हृदयासाठी देतात ते प्रोप्रॅनोलॉल, ही त्यांतली. म्हणून नवीन औषध सुरू झाल्यावर स्वप्ने सुरू झाली असतील तर डॉक्टरांना तसे सांगावे. मनाने बंद करू नये.

गोळीपेक्षाही मोठे काम एका वहीने केले. ह्या उपायाला खर्च काही नाही. दिवसाउजेडी स्वप्न लिहून काढायचे, मग त्याचा शेवट आपल्या मनाने बदलायचा आणि तो बदललेला प्रसंग रोज दहा-वीस मिनिटे डोळ्यांपुढे आणायचा. २००१ साली अमेरिकेत अत्याचारपीडित स्त्रियांवर ह्याचा प्रयोग झाला व त्यांची वाईट स्वप्ने कमी झाली. २०१८ साली तेथील निद्रातज्ज्ञांच्या संघटनेनेही ह्याच पद्धतीची शिफारस केली. ज्यांचा घाव फार ताजा वा खोल आहे त्यांनी हे तज्ज्ञाला सोबत घेऊन करावे आणि सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नाने करू नये.

मी लिहिले ते असे : मी दगड उचलतो आहे. मागून दोन माणसे येतात. एकाच्या हातात कंदील, दुसऱ्याच्या हातात पहार. तिघे मिळून तुळई उचलतो. आतून हात येतो. मी तांब्या पुढे करतो. उजाडते.

पहिले आठ दिवस मला हे खोटे वाटले. जो गेला त्याला मी कसे वाचवणार? डॉक्टर म्हणाले, "जे घडलं ते बदलायचं नाही. तुमच्या डोक्यातलं चक्र बदलायचं आहे." दोन-तीन महिन्यांनी एका रात्री स्वप्नात कंदील आला. मी जागा झालो तो ओरडत नाही, रडत. मंडळींनी दिवा लावला. सोळा वर्षांनी त्या अंधारात मी एकटा नव्हतो.

आपल्या धम्मात ह्याविषयी काय आहे? दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात स्वप्नांचे अर्थ सांगून पोट भरणे ही हीन विद्या मानली आहे. मिलिंद प्रश्नात स्वप्नांच्या कारणांत शरीरातील बिघाड आणि मनाच्या सवयीही सांगितल्या आहेत. अंगुत्तर निकायात मेत्तेचे जे अकरा लाभ सांगितले आहेत, त्यांत सुखाने झोप लागणे, सुखाने जाग येणे आणि वाईट स्वप्न न पडणे हे तीन आहेत. झोपण्यापूर्वी मेत्ता भावना मीही करतो. पण म्हणून कुणी गोळी फेकून देऊ नये. ज्याचा घाव ताजा आहे त्याने दहा दिवसांच्या शिबिराला बसण्याआधी आपला आजार व औषधे आयोजकांना सांगावीत.

माझ्या एकट्याचे हे दुखणे असते तर मी तुमचा वेळ घेतला नसता. आपल्या लासलगावात आणि निफाड तालुक्यात पाहा. उसात बिबट्या समोर आलेला माणूस आहे. रेल्वेच्या रुळावरचे काम करणारा आहे, नको ते पाहिलेला. २०२१ साली करोनात ज्यांनी आपल्या माणसाचे तोंडही पाहिले नाही, ते आहेत. सासरी मार खाल्लेली लेक आहे. दिवसभर मार्केटात कांदा निवडणारी बाई रात्री का जागते, हे तिला कुणी विचारत नाही.

तेव्हा थोडक्यात सांगतो. लहान मूल रात्रीच्या पहिल्या प्रहरी किंचाळून उठले आणि सकाळी त्याला काही आठवत नसेल, तर घाबरू नका, त्याला गदागदा हलवून उठवू नका, नुसते जवळ बसा. बहुतेक मुलांचे ते वाढत्या वयात आपोआप थांबते. उतारवयात माणूस झोपेत लाथा-बुक्क्या मारू लागला तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, ते वेगळ्या आजाराचे लक्षण असू शकते. फार घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा असेल तर तेही सांगा. आठवड्यातून अनेकदा तेच स्वप्न येत असेल, झोपायचीच भीती वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जीव नकोसा झाला असेल तर त्याच दिवशी जा. शासनाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. २०२२ सालापासून टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येते. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा आपला हक्क आहे. हक्क म्हटल्यावर तो मागायचा असतो, हे आपल्याला नव्याने शिकवायला नको.

माझे स्वप्न पुरते गेले का? नाही. वर्षातून एकदोनदा, अनंत चतुर्दशीच्या सुमारास, अजून येते. गोळी डॉक्टरांनीच हळूहळू बंद केली. आता जाग आली की मी उठतो, पाणी पितो, पाय जमिनीला टेकवतो, आणि मोठ्याने म्हणतो, "हे लासलगाव आहे. भिंत उभी आहे." मंडळी आतून विचारतात, "आलं का?" मी म्हणतो, "येऊन गेलं." आणि आम्ही दोघे चहा ठेवतो.

माझी एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या घरात रात्री कोण जागे असते ते बघा, आणि सकाळी त्याला विचारा. सोळा वर्षे थांबू नका.

 

नमो बुद्धाय. जयभीम.