लाज सोडा, पोट सांभाळा
(रनिंग स्टाफच्या मेळाव्यातील भाषण)



या व्यासपीठावरून आपण नेहमी महागाई भत्ता, बोनस, बढती यांवर बोलतो. आज आम्ही बद्धकोष्ठावर बोलणार आहोत. हसू नका. आमच्या एका साथीचे आतडे त्यानेच फुटले.

तो मालगाडीचा ड्रायव्हर, आजच्या भाषेत लोको पायलट. इंजिनात शौचालय नाही, सिग्नलला गाडी किती वेळ उभी राहील याचा भरवसा नाही. म्हणून पाणी कमी प्यायचे आणि शौचाची कळ दाबून धरायची. आपल्यापैकी कितीजण हेच करतात! रोज कळ दाबली की हळूहळू ती येईनाशी होते. मोठे आतडे मळातले पाणी शोषत राहते आणि मळाचा दगडासारखा गोळा होतो.

आठ दिवस त्याचे पोट साफ झाले नाही. मग अचानक पातळ होऊ लागले. त्याला वाटले, हगवण लागली. खरे तर अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपत होता. त्याने जुलाब थांबवण्याची गोळी घेतली, आतडे आणखीच अडले. गोळ्याच्या दाबाने आतड्याच्या भिंतीला रक्त मिळेनासे होते, तिथे जखम होते आणि ती फुटली की घाण पोटात पसरते. ऑपरेशन झाले, काही महिने पोटाला पिशवी लावावी लागली. जीव वाचला, पण फुटप्लेट सुटली. तो आम्हाला रोज लॉबीत भेटत होता. लाजेपायी त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

म्हणून ध्यानात ठेवा. पोट फुगले, वात सरत नाही, उलट्या, ताप किंवा असह्य दुखणे असेल, तर घरी जुलाबाचे औषध घेऊ नका, तडक दवाखाना गाठा. शौचातून रक्त गेले तर मूळव्याध समजून गप्प बसू नका, तपासून घ्या. इसबगोल घ्याल तर भरपूर पाण्याबरोबर घ्या. पाणी कमी पडले तर तोच आत अडकतो.

भरपूर पाणी प्या, असे डॉक्टर सांगतात. बरोबर आहे. पण पाणी प्यायल्यावर आमच्या माणसाने जायचे कुठे? इंजिनांत शौचालये बसवायला 2016 साली सुरुवात झाली. प्रत्येक इंजिनात ते येईपर्यंत ही मागणी आम्ही सोडणार नाही. आणि तुम्ही लाज सोडा.

कामगार एकजुटीचा विजय असो!