पहिल्या घोटाचा हक्क



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस किंवा कंत्राटी कामगार असे काही सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. 'नवजात बाळाचे दूध' असे उत्तर ऐकून ते क्षणभर गप्पच झाले. युनियनच्या माणसाचे बाळंतिणीच्या खोलीत काय काम, असे आपल्यापैकीही काहींना वाटत असेल. आम्ही डॉक्टर नव्हे; शाळाही अर्ध्यावर सुटली. जे कळले ते पुस्तके वाचून, परिचारिकांना विचारून आणि एक ठेच लागून कळले. त्या ठेचेपासूनच आरंभ करतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आमची थोरली मुलगी जन्मली. त्या आठवड्यात आम्ही एका कारखान्याच्या फाटकावर उभे राहून कामगार बायकांसाठी पाळणाघर मागत होतो. घरी मात्र आईचे पहिले पिवळसर दूध 'जड असते' म्हणून पिळून मोरीत टाकले जात होते, आणि मुलीला मधाचे बोट व गुळाचे पाणी मिळत होते. तिसऱ्या दिवशी ती रडेनाशी झाली. पोर शांत झाली, म्हणून सर्वांना बरेच वाटले! शेजारच्या एका परिचारिकेने तिचे कोरडे ओठ आणि सकाळपासून कोरडे असलेले दुपटे पाहिले आणि तिला तडक दवाखान्यात नेले. मुलगी वाचली. आमच्या मातोश्रींना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या सासूने शिकवले तेच त्यांनी केले. दोष आमचा. जगाच्या बायकांसाठी भांडणाऱ्या माणसाने घरात साधी चौकशीही केली नव्हती.

गंमत अशी, की याच मातोश्रींनी गावी गाय व्याली असता वासराला चीक पाजल्यावाचून खरवसाला कधी हात लावला नाही. चीक चुकला तर वासरू धरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. वासराला जे कळले ते लेकराच्या बाबतीत आपण विसरलो.

आईचा चीक थोडा असतो, पण बाळाची भूकही पहिल्या दिवशी एका वेळी चमचा-दीड चमच्याचीच असते. त्यात रोगाशी झुंजणारी द्रव्ये आणि 'अ' जीवनसत्त्व भरपूर असते. आतड्याला जणू आतून अस्तर लागते, आणि पोटातील पहिली काळी चिकट शी बाहेर पडायला मदत होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळ अंगावर घ्यावे आणि सहा महिने दुसरे काही, अगदी पाणीही, देऊ नये. मध तर वर्षभर नकोच. त्यातील जंतूंच्या विषाने तान्ह्या मुलाला प्राणघातक दुखणे होऊ शकते.

'तीन दिवस दूधच येत नाही,' ही दुसरी समजूत. भरघोस पान्हा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी फुटतो हे खरे. पण बाळ चोखते म्हणूनच तो टिकतो. मागणीवाचून पुरवठा होत नाही, हे आम्हा चळवळीतल्या माणसांना कोणी शिकवायला नको! दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. वरचे दूध दिले की मागणी घटते, आणि मग खरेच दूध आटते. शस्त्रक्रियेने बाळंत झालेली आईही पाजू शकते. बाळाला ओढता येत नसेल, तर दूध काढून वाटी-चमच्याने द्यावे.

पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि दहा-चौदा दिवसांत भरून येते; त्याने घाबरू नये. आठवडा संपता संपता दिवसाला सहा दुपटी ओली होत असतील, तर पोट भरते असे समजावे. पण बाळ मलूल असेल, पिण्यासाठी जागे होत नसेल, लघवी थांबली असेल, ताप असेल किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला असेल, तर घटकाभरही थांबू नये. आणि प्रयत्न करूनही एखादीला दूध पुरले नाही, तर डॉक्टरांना विचारावे. तिला टोमणे मारू नयेत. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी निघाली, ती अशाच नडलेल्या बाळांसाठी.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. परंतु तासाभरात आईचे दूध मिळालेली बाळे होती सुमारे ४२ टक्के. म्हणजे दवाखाना गाठला, पण तास हुकला.

केवळ उपदेशाने मात्र भागत नाही. पाजायला आई बाळाजवळ असावी लागते. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रसूती रजेच्या बिलाच्या बाजूने उभे राहिले, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे १९६१ चा देशव्यापी कायदा आला; २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या आणि पन्नास वा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर, या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. हजेरीपटावरील रोजंदार बायकांनाही हा लाभ आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला.

पण आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला ही पगारी रजा कोण देतो? ती दहाव्या दिवशी कामावर येते, तेव्हा तिचे बाळ कोणाच्या दुधावर असते? तिथे मालक आपणच आहोत, आणि फाटकही आपल्याच दाराचे आहे. तिला पगारी रजा द्या, आणि चीक टाकू नकोस असे सांगा. कायद्याची वाट पाहू नका. बाळ वाट पाहू शकत नाही.