घास आणि नळी
(गणेशोत्सवातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आरती झाली की आजारी माणसाच्या खोलीत प्रसाद नेण्याची आपली पद्धत आहे. पण नाकात नळी असलेल्या आजोबांना 'एवढासा मोदक' भरवू नका. पक्षाघातानंतर गिळणे बिघडते. घास श्वासनलिकेत जातो, कधी ठसकाही लागत नाही, आणि पुढे न्यूमोनिया होतो.

माझ्या वडिलांना नळी घातली तेव्हा आई रडली. "आता हे कायमचंच का?" कायमचे नव्हते. गिळण्याचे व्यायाम झाले आणि पाचव्या आठवड्यात नळी निघाली. अशा वेळी नळीला घाबरू नये. काळजी मात्र घ्यावी. भरवताना डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवा, नंतरही अर्धा-पाऊण तास तसेच असू द्या. नाकाजवळची नळीवरची खूण दर वेळी पाहा. ती सरकली असेल तर काहीही घालू नका, डॉक्टरांना किंवा नर्सला बोलवा. एका वेळी २०० ते २५० मिली गाळलेले कोमट अन्न द्या, आधी व नंतर ३० मिली पाणी घाला. नुसत्या पेजेवर भागत नाही. ५० किलोच्या वृद्धाला दिवसाला साधारण १५०० कॅलरी आणि ५० ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तोंडाने खात नसले तरी तोंड रोज स्वच्छ करा.

आईची गोष्ट वेगळी. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात तिने तोंड मिटले. या अवस्थेत नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असा भक्कम पुरावा नाही. शिवाय रुग्ण नळी उपसतो आणि मग त्याचे हात बांधण्याची वेळ येते. आम्ही नळी घातली नाही. ती घेईल तेवढे चमच्याने भरवत राहिलो. नागपूरहून भाऊ फोनवर म्हणाला, "आईला उपाशी ठेवतोयस?"

तो प्रश्न अजून बोचतो, कारण आईला काय हवे होते, हे आम्ही वेळेवर विचारलेच नव्हते. आपण परमुलखात राहतो, भावंडे चार गावांत, निर्णय फोनवर होतात. म्हणून बोलून ठेवा. अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात.

उद्या मुले घरी जमतील. जेवणं झाल्यावर विषय काढा.

गणपती बाप्पा मोरया!